हालचाल हेच सांध्याचे अन्न

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत अस्थिरोग व भौतिकोपचार विभागांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभरातील शस्त्रक्रिया, नवी यंत्रसामग्री आणि जमाखर्च यांचा आढावा अहवालाच्या इतर पानांवर आपणांस वाचावयास मिळेलच. विश्वस्त मंडळाने आम्हांस मात्र निराळी सूचना केली. ज्या सांध्यांवर तुम्ही रोज उपचार करता ते असतात कसे, हलतात कसे, हे सर्वांना समजेल अशा भाषेत सांगा, असे त्यांचे म्हणणे होते. ही संधी आम्ही आनंदाने घेतो. त्यामागे आमचा एक स्वार्थही आहे, तो शेवटी सांगू.

सुरुवात एका आजींपासून करतो. त्यांचे नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. शेताच्या बांधावरून पाय घसरला आणि गुडघ्याची वाटी मोडली. आपल्याच रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ती उत्तम झाली. टाके गावच्या दवाखान्यात निघाले. पुढील तपासणीस येणे लावणीच्या दिवसांमुळे लांबत गेले. घरची माणसे मायेची. दोन्ही सुनांनी आजींना खाटेवरून पाय खाली टेकू दिला नाही. जेवण हातात, पाणी हातात, गुडघ्याखाली सदैव मऊ उशी. साडेतीन महिन्यांनी आजी आल्या तेव्हा क्ष-किरण चित्रात हाड सुरेख जुळलेले दिसले. गुडघा मात्र ३० अंशांपलीकडे वाकत नव्हता आणि पुरता सरळही होत नव्हता. एस.टी.ची पायरी चढता न आल्याने दोघांनी त्यांना उचलून आणले होते. धाकटी सून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आम्ही सेवेत काही कमी पडू दिलं नाही हो." ते अक्षरशः खरे होते. कमी पडलो होतो ते आम्ही. घरी जाताना आम्ही "काळजी घ्या" एवढेच सांगितले. काळजी घेणे म्हणजे नेमके काय करणे, हे सांगितले नाही.

हाड जुळले आणि सांधा हरवला, असे का व्हावे? त्यासाठी सांध्याची रचना पाहावी लागते.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे २०६ हाडे असतात. दोन हाडे जेथे एकमेकांस भेटतात तो सांधा. सर्वच सांधे हलण्यासाठी नसतात. कवटीची हाडे दातेरी कडांनी एकमेकांत शिवल्यासारखी बसलेली असतात, कारण तेथे मेंदूचे रक्षण हे काम आहे. पाठीच्या मणक्यांमध्ये चिवट चकत्या असतात. त्या थोड्या वाकतात, थोड्या दबतात. दिवसभराच्या भाराने त्या दबल्यामुळे सायंकाळी आपली उंची सकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर कमी भरते आणि रात्रीच्या झोपेत ती भरून निघते. तिसरा आणि सर्वांत मोठा वर्ग मोकळेपणाने हलणाऱ्या सांध्यांचा. खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा, घोटा हे सारे त्यात येतात.

हे वर्गीकरण केवळ आधुनिक नव्हे. सुश्रुतसंहितेत शरीरातील सांधे २१० सांगितले असून चल आणि स्थिर असे त्यांचे दोन गट केले आहेत. पुढे आकारावरून आठ प्रकार दिले आहेत. काखेतील आणि जांघेतील सांध्यांना उखळाची उपमा आहे, कवटीच्या सांध्यांना शिवणीची, तर जबड्याच्या सांध्याला कावळ्याच्या चोचीची. आजची मोजणी आणि त्या काळची मोजणी जुळत नाही, कारण काय मोजावे याचे नियम निराळे आहेत. परंतु आकार पाहिला की हालचाल ओळखता येते, हे मर्म दोन्हीकडे एकच आहे.

आपण बसल्या जागी हे पडताळून पाहू शकता. कोपर वाकवा. ते दाराच्या बिजागरीप्रमाणे एकाच दिशेत उघडते आणि मिटते. आता तळहात वर आणि खाली फिरवा. ही हालचाल कोपराच्या बिजागरीची नाही. हाताच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचे हाड दुसऱ्याभोवती फिरते म्हणून ती होते. मानेने "हो" म्हणा. कवटी पहिल्या मणक्यावर झुलते. मानेने "नाही" म्हणा. आता पहिला मणका दुसऱ्या मणक्याच्या खुंटीसारख्या उंचवट्याभोवती फिरतो, जात्याचा वरचा दगड मधल्या खिळीभोवती फिरावा तसा. होकार आणि नकार यांसाठी निसर्गाने दोन वेगळे सांधे दिले आहेत. अंगठ्याच्या मुळाशी खोगिराच्या आकाराचा सांधा आहे. त्यामुळे अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला भेटतो. सुई धरणे, लेखणी धरणे, भाकरी थापताना पीठ सारखे करणे, हे सारे त्या एका सांध्याच्या कृपेने घडते.

उखळी सांधे दोन जोड्यांचे, खांदे आणि खुबे. पण दोन्ही उखळे सारखी नाहीत. खुब्याचे उखळ खोल आहे. मांडीच्या हाडाचे गोल डोके त्यात घट्ट बसते, कारण त्यावर देह तोलायचा आहे. खांद्याचे उखळ उथळ बशीसारखे आहे. दंडाच्या हाडाच्या डोक्याचा लहानसा भागच एका वेळी तिला टेकलेला असतो. म्हणून हात डोक्यावर, पाठीमागे, चहूकडे जातो आणि म्हणूनच खांदा सहज निखळतो. एका ठिकाणी निसर्गाने स्थैर्य निवडले, दुसऱ्या ठिकाणी स्वातंत्र्य.

गुडघ्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. वरवर पाहता ती बिजागरी आहे. परंतु विल्हेल्म आणि एडुआर्ट वेबर या जर्मन बंधूंनी १८३६ मध्ये माणसाच्या चालण्यावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात गुडघ्याची हाडे एकमेकांवर नुसती फिरत नाहीत, ती घरंगळतात आणि घसरतातही, हे दाखवून दिले होते. मांडीच्या हाडाची दोन गोलसर टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकतात. हा मेळ तसा बेभरवशाचा. तो सांभाळण्यासाठी दोन्ही बाजूंना एकेक आणि आत फुलीसारखे दोन, असे चार मुख्य अस्थिबंध आहेत, ज्यांना आपण लिगामेंट म्हणतो. हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या आहेत. पुढे वाटी आहे. ती मांडीच्या मोठ्या स्नायूची ओढ कप्पीप्रमाणे नडगीपर्यंत पोहोचवते. पाय पुरता सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगी किंचित बाहेर वळते आणि गुडघ्याला जणू कुलूप लागते. त्यामुळे स्नायूंना फार न थकवता आपण बराच वेळ उभे राहू शकतो. ते कुलूप उघडण्याचे काम गुडघ्याच्या मागे दडलेला एक छोटासा स्नायू करतो. ज्या गुडघ्याखाली महिनोन् महिने उशी राहते, तो पुरता सरळ होणे विसरतो. मग कुलूप लागत नाही आणि उभे राहणेदेखील कष्टाचे होते.

सपाट जमिनीवर चालण्यासाठी गुडघा सुमारे ६० ते ७० अंश वाकावा लागतो, जिना चढण्या-उतरण्यासाठी साधारण ९० अंश. उकिडवे बसायचे किंवा वज्रासन घालायचे तर १३० अंशांच्याही पुढे. आपली चूल, आपले देवघर, आपली पंगत, आपला शेताचा वाफा, सर्वत्र हे शेवटचे अंश लागतात. आमच्या कोनमापकावर २० अंशांचा जो फरक दिसतो, तो घरी गेल्यावर कुणाच्या मदतीवाचून शौचास जाता येते की नाही, एवढा मोठा असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. हाडांची टोके एका गुळगुळीत, शुभ्र आवरणाने मढवलेली असतात. तिला कूर्चा म्हणतात. बहुतेक सांध्यांत तिची जाडी अवघी दोन ते चार मिलिमीटर असते. पण दोन कूर्चा एकमेकींवर घसरताना होणारे घर्षण बर्फावर बर्फ घसरताना होणाऱ्या घर्षणाहूनही कमी असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. मज्जातंतू नाहीत म्हणून ती झिजू लागली तरी आरंभी दुखत नाही. रक्तवाहिन्या नाहीत म्हणून हाडासारखी ती भरून येत नाही. विल्यम हंटर यांनी १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांध्यांच्या कूर्चेवर निबंध सादर केला, त्यातही कूर्चा एकदा नष्ट झाली की पूर्ववत होत नाही, हे मत नोंदलेले आहे. अडीचशेहून अधिक वर्षे लोटली. संशोधन पुष्कळ झाले, तरी मोठ्या प्रमाणावर झिजलेली कूर्चा जशीच्या तशी परत आणण्याचा उपाय आजही हाती नाही.

रक्त मिळत नाही, तर कूर्चा जगते कशावर? सांध्याभोवती एक पिशवी असते. तिचे आतील अस्तर चिकट, पारदर्शक द्रव पाझरते. निरोगी गुडघ्यात हा द्रव जेमतेम काही थेंब ते तीन-चार मिलिलिटर एवढाच असतो. तो वंगणही आहे आणि अन्नही. रथाच्या आसाला तेल दिले की चाक सुरळीत फिरते, तसे सांध्यांतील स्निग्धतेचे आहे, असा दृष्टांत सुश्रुतांनी दिला होता. आजचे शास्त्र त्यात एक महत्त्वाची भर घालते. कूर्चेचा बहुतांश भाग पाणी असतो. भार पडला की त्यातील द्रव बाहेर येतो, भार उतरला की ती तो पुन्हा शोषून घेते. फडके पिळावे आणि पुन्हा पाण्यात सोडावे, तसे हे चालते. या पिळण्या-भिजण्यातून पोषण आत खोलवर जाते. सांधा हलला नाही की ही ये-जा मंदावते. द्रव असतो, अन्न असते, पण ते भरवणारा हात थांबलेला असतो.

इतरही गोष्टी घडतात. न ताणली गेलेली पिशवी आखडते, तिच्या घड्या एकमेकींस चिकटतात. मांडीचा स्नायू झपाट्याने रोडावतो. गुडघ्यात सूज असेल तर मज्जासंस्था त्या स्नायूला आपोआप रोखून धरते, म्हणून रुग्ण म्हणतो, "पायात जीवच नाही." तो आळस करत नसतो. आजींच्या बाबतीत हेच घडले.

मग पूर्वीचे वैद्य विश्रांतीच का सांगत? इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे ह्यू ओवेन थॉमस हे थोर अस्थिवैद्य होऊन गेले. सांध्यांच्या विकारांवरील त्यांचा ग्रंथ १८७५ मध्ये आला. सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती हा त्यांचा मंत्र होता. त्या काळी सांध्यांचा क्षयरोग सर्वत्र होता आणि त्यावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मधला. तोवर आजारी सांधा स्थिर ठेवणे एवढेच हाती होते. त्यांच्या नावाची खपाची चौकट पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांना उपयोगी पडली. तेव्हा थॉमस यांना दोष देण्याचे कारण नाही. परिस्थिती बदलली, हे मात्र लक्षात घेतले पाहिजे. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील शल्यविशारदांच्या एका गटाने मोडलेली हाडे पट्ट्या व स्क्रूंनी घट्ट बसवण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली. हाड भक्कम बसले तर आजूबाजूचे सांधे लगेच हलवता यावेत, हा त्यांचा हेतू होता. १९७० पासून टोरांटो येथील डॉ. रॉबर्ट सॉल्टर यांनी सशांवर प्रयोग करून दाखवले की कूर्चेला झालेली लहान इजा प्लास्टरमध्ये जखडलेल्या सांध्यापेक्षा मंद गतीने सतत हलत्या सांध्यात अधिक चांगली भरते.

देणगीदारांनी हे ध्यानी घ्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे. शस्त्रक्रियागृहात बसवलेली पट्टी हाडापुरती नसते. सांधा लवकर हलावा म्हणून ती बसवलेली असते. तो हलला नाही, तर शस्त्रक्रियेचा अर्धा हेतू वाया जातो.

घरच्या मंडळींसाठी काही व्यवहारातील गोष्टी सांगतो. शस्त्रक्रियेनंतर उशी द्यायची झाल्यास ती गुडघ्याखाली नको, टाचेखाली हवी, म्हणजे गुडघा सरळ राहील. मांडीचा स्नायू आवळून गुडघा गादीकडे दाबायचा, पाचपर्यंत मोजायचे आणि सोडायचे. हा व्यायाम बिछान्यात पडूनही होतो. किती वाकवायचे आणि पायावर किती भार द्यायचा, हे प्रत्येकाच्या दुखापतीनुसार ठरते. तेवढे आमच्याकडून लिहून घ्या. आम्ही विसरलो तर मागून घ्या. व्यायामानंतर थोडे ठणकणे स्वाभाविक आहे. परंतु सांधा लाल, गरम होऊन ताप आला, पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी पाऊल टेकवेना, तर व्यायाम थांबवून ताबडतोब रुग्णालयात या.

हलवणे म्हणजे ओढणे नव्हे. कोपराला मार लागल्यावर, विशेषतः मुलांच्या, जोरात मालिश करून हात ताणण्याची चाल अजून आहे. त्यामुळे स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचे आखडू शकते. सांधा रुग्णाने स्वतःच्या स्नायूंनी, हळूहळू आणि वारंवार हलवायचा असतो.

गुडघे वाजतात म्हणून घाबरलेली पुष्कळ माणसे आमच्याकडे येतात. दुखत नसेल, सूज नसेल, तर नुसत्या आवाजाला भिण्याचे कारण नाही. अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड उंगर यांनी पन्नास वर्षे केवळ एकाच हाताची बोटे मोडली आणि दोन्ही हातांत संधिवाताच्या दृष्टीने फरक पडला नाही असे १९९८ मध्ये कळवले. एका माणसाचा पुरावा तो, पण आजीबाईंनी घातलेली भीती घालवण्यास पुरेसा आहे.

ज्यांचे गुडघे वयोमानाने झिजले आहेत, त्यांनी दुखते म्हणून बसून राहू नये आणि हट्टाने उकिडवेही बसू नये. खुर्ची, उंच आसनाचा संडास, हातात काठी, यांत कमीपणा नाही. सपाट रस्त्यावर नियमित चालणे आणि मांडीचे व्यायाम यांनी वेदना कमी होतात. वजन जास्त असेल तर ते उतरवावे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे आढळले की एक किलो वजन घटले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने घटतो. दिवसभरातील पावले मोजून पाहा, म्हणजे हा हिशेब किती मोठा आहे ते कळेल.

आता आमचा स्वार्थ सांगतो. शस्त्रक्रियागृहासाठी देणगी देणारे हात आपल्या कृपेने आम्हांस लाभतात आणि दाराशी लावलेल्या संगमरवरी पाटीवर त्यांची नावे सन्मानाने कोरली जातात. व्यायामकक्षात तसे दिपवणारे काही नाही. समांतर दांड्या, लाकडी पायऱ्यांचा संच, खांद्यासाठी भिंतीवरची शिडी, वाळूची वजने आणि रुग्णाच्या शेजारी उभे राहून "आणखी एकदा" म्हणणारे एक माणूस. पुन्हा पुन्हा यावे लागते आणि गाडीभाडे परवडत नाही, म्हणून बरेच रुग्ण अर्ध्यात सोडून जातात. परतीच्या फेऱ्यांचे भाडे आणि गावोगावी जाऊन व्यायाम शिकवणारे दोन हात, एवढी सोय झाली तर हाडे जुळलेली माणसे पुन्हा कामालाही लागतील. अशा देणगीला पाटी लावायला भिंत सापडणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे.

आणि रुग्णांच्या घरच्यांनो, तुमच्याजवळ पैशापेक्षा मोठी देणगी आहे. आजींना पाण्याचा तांब्या हातात देण्याऐवजी त्यांचा हात धरून त्यांना माठापर्यंत न्या. वेळ अधिक लागेल, शेजारी काही बोलतीलही. परंतु सेवा म्हणजे माणसाला परावलंबी करणे नव्हे, त्याला त्याच्या पायावर उभे करणे, हे आपण मनाशी धरू या.

त्या आजींचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. भूल देऊन गुडघा सैल करावा लागला. त्यानंतर कित्येक महिने धाकट्या सुनेने रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम करून घेतला. कधी आजी रडल्या, कधी सून रडली. आज गुडघा ११० अंश वाकतो. मांडी घालून बसता येत नाही आणि यापुढे येईल असेही आम्हांस वाटत नाही. पंगतीत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवतात. ते उणे आमच्या खात्यावर आहे. मात्र मागील तपासणीस आजी एस.टी.ने आल्या, दांडीला धरून पायरी स्वतः चढल्या, स्वतः उतरल्या. आता घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णास व्यायामाचा कागद दिल्याशिवाय आणि घरच्या एका माणसाकडून तो करून दाखवून घेतल्याशिवाय आम्ही निरोप देत नाही. हा नियम आम्हांस त्या सुनेच्या एका वाक्याने शिकवला.

 बराच वेळ बसवून ठेवले. आता उठताना जरा हातपाय मोकळे करावेत, ही विनंती.